साहित्य शिकून पुढे काय? नंदुरबारच्या बाजूने एक उत्तर

आजचा विषय वर्गात जितका बोलला जात नाही, तितका वर्गाबाहेर बोलला जातो. मराठी घेऊन बी.ए. केलं, एम.ए. केलं, पुढे काय? हा प्रश्न आई-वडील विचारतात, गावातला माणूस विचारतो. तिसऱ्या वर्षाला पोहोचलं की विद्यार्थी स्वतःलाच विचारायला लागतो. आम्ही साहित्य शिकवणारी माणसं मात्र ह्या प्रश्नाला दोन ठरलेली उत्तरं देऊन मोकळे होतो. एक म्हणजे, "साहित्य हे काही पोट भरायचं साधन नाही, ते माणूस घडवतं." आणि दुसरं, "स्पर्धा परीक्षा द्या, मराठीचा फायदा होतो." ही दोन्ही उत्तरं अगदी खोटी नाहीत. पण दोन्हींमध्ये प्रश्न टाळलेला आहे, असं आमचं म्हणणं आहे. ते का, आणि तिसरं उत्तर कुठे सापडतं, हे आज जरा तपासून बघू.

पहिलं उत्तर आधी घेऊ. साहित्य पोटासाठी नाही, हे वाक्य कोण बोलतं ते बघा. ज्याचं पोट भरलेलं आहे तो बोलतो. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झाला. २०११च्या जनगणनेत इथे साडेसोळा लाखांच्या आसपास लोक होते, त्यांतले दोन तृतीयांशाहून जास्त आदिवासी. साक्षरता सुमारे ६४ टक्के, राज्याची सरासरी त्या वेळी ८२ टक्क्यांच्या पुढे. धडगाव, अक्कलकुवा, तळोदा ह्या भागातून दिवाळीनंतर घरंच्या घरं गुजरातेत ऊसतोडीला जातात. अशा घरातलं एखादं पोर जेव्हा पाच वर्षं मराठी साहित्य शिकतं, तेव्हा त्या घराने पाच हंगाम दोन हात कमी ठेवलेले असतात. त्या घराला "साहित्य माणूस घडवतं" एवढंच सांगून चालत नाही. घराने काय दिलं ते उघड आहे, तर त्याला काय मिळणार हेही उघड सांगायला पाहिजे.

गंमत अशी की हा प्रश्न आपल्या खानदेशातल्या साहित्याने आपल्या आधीच विचारून ठेवलेला आहे. भालचंद्र नेमाड्यांची 'कोसला' १९६३ साली आली. ती आपण अस्तित्ववाद, शैली, तुटलेपण अशा मथळ्यांखाली शिकवतो. पण जरा साध्या डोळ्यांनी बघा. गावाकडच्या शेतकऱ्याचा मुलगा पुण्याला कॉलेजात जातो, बापाचा पैसा खर्च होतो, होस्टेल, मेस, गॅदरिंग असं सगळं होतं, आणि पांडुरंग सांगवीकर हात हलवत गावी परत येतो. म्हणजे शिक्षणावर लावलेला पैसा वाया गेल्याची ती कथा आहे. 'कोसला'तला बाप आणि मुलगा ह्यांच्यातला ताण हा तत्त्वज्ञानाचा आहेच, पण तो हिशोबाचाही आहे. आमच्या वर्गात बसलेल्या मुलाला हा हिशोब पहिल्या वाचनात कळतो. आपण मात्र तो ओलांडून थेट 'जीवनाची निरर्थकता' ह्या मुद्द्यावर उडी मारतो.

पुढे १९७५ ते १९७९ ह्या काळात 'बिढार', 'जरीला', 'झूल' आल्या. त्यांचा नायक चांगदेव पाटील हा साहित्य शिकवणारा प्राध्यापक. साहित्य शिकून मिळणारी नोकरी आतून कशी असते ह्यावर मराठीत इतकं सविस्तर क्वचितच कोणी लिहिलं असेल. संस्थाचालक, जातीची गणितं, भाड्याची खोली, एका गावातून दुसऱ्या गावात हलणारा संसार. 'बिढार' हे नावच बघा. पाठीवर बांधून फिरायचं चंबूगबाळं. साहित्याच्या प्राध्यापकाची नोकरी हेच एक बिढार आहे असं ही कादंबरी पन्नास वर्षांपूर्वी सांगते. आणि तरी बरं, चांगदेवाला नोकरी मिळत होती. एक सुटली की दुसरी मिळत होती. आज त्या कादंबऱ्या वाचणाऱ्या विद्यार्थ्याला चांगदेवाच्या दुःखाचाही हेवा वाटेल, अशी परिस्थिती आहे.

का, ते साध्या आकड्यांत मांडू. हे आकडे समजण्यापुरते, कुठल्या एका महाविद्यालयाचे नव्हेत. समजा, एका महाविद्यालयात मराठीच्या तीन पूर्णवेळ जागा आहेत. जागेवर आलेला माणूस तीस वर्षं राहतो. त्या विभागातून दरवर्षी वीस विद्यार्थी एम.ए. होतात. तीस वर्षांत सहाशे. सहाशे माणसं आणि तीन जागा, म्हणजे दोनशेंमागे एक. हे झालं सगळं सुरळीत चाललं तर. प्रत्यक्षात माणूस निवृत्त झाला तरी जागा भरतेच असं नाही. भरतीला कधी बंदी, कधी अर्धवट परवानगी, आणि विद्यार्थी कमी झाले की कार्यभार कमी म्हणून जागाच जाते. मग उरतं तासिका तत्त्व. नेट किंवा सेट पास, कधी पीएच.डी. झालेला माणूस तासावर शिकवतो. सुट्टीचे पैसे नाहीत, पुढच्या वर्षाची खात्री नाही. कायम नेमणुकीच्या वेळी कोणत्या गोष्टी कानावर येतात, ते इथे बसलेल्या प्रत्येकाला माहीत आहे, त्यात आम्ही शिरत नाही. आमचा मुद्दा एवढाच की दोनशेंमागे एक हे गणित पहिल्या वर्षाच्या पहिल्या आठवड्यात फळ्यावर लिहायला पाहिजे. ते लपवणं हा विद्यार्थ्यांवर अन्याय आहे.

आता दुसरं उत्तर. बाकीच्या वाटा. त्या आहेत, नाहीत असं नाही. बी.एड. करून माध्यमिक शाळा, एम.ए., बी.एड. करून कनिष्ठ महाविद्यालय. २०२० सालच्या कायद्याने राज्यातल्या सगळ्या शाळांत पहिली ते दहावी मराठी सक्तीची झाली, म्हणजे मराठीचा शिक्षक कागदोपत्री तरी सगळीकडे लागतो. शासनात अनुवादकाच्या जागा असतात. वर्तमानपत्रं आहेत, पण तालुक्याच्या वार्ताहराला मिळणाऱ्या मानधनात घर चालत नाही, हेही सांगायला पाहिजे. आणि मग स्पर्धा परीक्षा. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत मराठी साहित्य हा वैकल्पिक विषय घेता येतो, अडीचशे गुणांचे दोन पेपर, म्हणजे पाचशे गुण. राज्यसेवेची मुख्य परीक्षाही आता वर्णनात्मक झाली आहे, तिथेही हा विषय घेता येतो. खरा फायदा आहे.

पण थांबा, इथेच एक गोष्ट बघण्यासारखी आहे. हा फायदा कोणत्या भाषेला मिळतो? राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत ज्या भाषा आहेत त्यांच्या साहित्याला. २०११च्या जनगणनेप्रमाणे भिली, भिलोडी बोलणारे देशात एक कोटी चार लाखांच्या घरात आहेत. संथाली बोलणारे त्र्याहत्तर लाखांच्या आसपास, बोडो पंधरा लाखांच्या आसपास. संथाली आणि बोडो अनुसूचीत आहेत. त्यांना तो मान मिळाला ही चांगलीच गोष्ट झाली. भिली नाही. म्हणजे शहाद्या-तळोद्यातला भिल्ल मुलगा आयोगाच्या परीक्षेला साहित्य घेणार असेल तर ते दुसऱ्या भाषेचं साहित्य असतं, त्याच्या आजीच्या भाषेचं नसतं. अहिराणीचीही तीच गत. जनगणनेत 'खानदेशी' म्हणून अठरा लाखांवर माणसं वेगळी मोजली गेली, आणि वर्गात मात्र "काय शे" म्हटलं की अजूनही हशा होतो. तेव्हा मराठीचा फायदा होतो हे म्हणताना, तो कोणाला किती होतो, हा पोटप्रश्न सोडून चालणार नाही.

आता जरा मूळ विषयाकडे येऊ. साहित्याचा विभाग नेमकं काय घडवतो? आपल्या भागातली चार नावं घेऊ. बहिणाबाई चौधरी, जन्म १८८०, असोदं. लिहिता-वाचता येत नव्हतं. आपलं विद्यापीठ १९९० साली सुरू झालं आणि २०१८ साली त्याला त्यांचं नाव मिळालं. अक्षरओळख नसलेल्या बाईच्या नावाचं विद्यापीठ, जगात अशी किती असतील? दुसरे शरद पाटील. 'अब्राह्मणी साहित्यांचे सौंदर्यशास्त्र' हे १९८८चं पुस्तक. मराठी समीक्षेला मुळातून हलवणारा हा ग्रंथ चित्रकलेचं शिक्षण अर्धवट सोडून चळवळीत गेलेल्या धुळ्याच्या माणसाने लिहिला. तिसऱ्या नजुबाई गावित, 'तृष्णा' ह्या कादंबरीच्या लेखिका, त्याही ह्याच सत्यशोधक चळवळीतून आलेल्या. चौथे वाहरू सोनवणे, शहादा तालुक्यातले, 'गोधड' ह्या कवितासंग्रहाचे कवी. १९७२च्या सुमारास शहाद्याच्या भागात जमिनीसाठी आणि मजुरीसाठी श्रमिक संघटनेचं जे काम उभं राहिलं, त्यात ते घडले. चौघांपैकी एकाचीही घडण मराठी विभागात झालेली नाही. आणि चौघांचीही नावं मराठी विभागात घेतली जातात.

म्हणजे लेखक घडवणं हे विभागाचं काम नाही, तसं वचनही आपण देऊ नये. मग काम काय? बहिणाबाईंचंच उदाहरण पुन्हा घेऊ, पण ह्या वेळी बहिणाबाईंकडे बघू नका, त्यांच्या शेजारी बसलेल्या माणसाकडे बघा. त्यांच्या ओव्या कोणीतरी ऐकल्या आणि कागदावर उतरवल्या. मुलगा सोपानदेव स्वतः कवी होता. १९५१ साली बहिणाबाई गेल्या, १९५२ साली अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तक आलं. आता लक्षात घ्या, उतरवून घेणाऱ्याने एक फार मोठी गोष्ट केली, ती म्हणजे त्याने भाषा 'सुधारली' नाही. आईचे उच्चार, आईचे प्रत्यय जसेच्या तसे ठेवले. शिकलेल्या माणसाला हा मोह आवरणं सोपं नसतं. प्रमाण मराठीत त्या ओव्या लिहिल्या असत्या तर आज आपल्याकडे काय उरलं असतं? तर साहित्याच्या विद्यार्थ्याचं पहिलं काम हे आहे. नीट ऐकणं, आणि ऐकलेलं न बिघडवता लिहिणं.

आपण हे शिकवतो का? एम.ए.च्या परीक्षेत ठरलेला प्रश्न असतो: 'टीप लिहा. आदिवासी साहित्याची वैशिष्ट्ये.' धडगावकडचा विद्यार्थी उत्तर लिहितो: निसर्गाशी नातं, समूहजीवन, नृत्य आणि गाणी, विद्रोह. चार मुद्दे, चार परिच्छेद, गाईडातून पाठ केलेले. बघा, तो स्वतःच्या आजीबद्दल लिहितो आहे, आणि ते परक्या माणसाने तयार केलेल्या यादीतून लिहितो आहे. त्याला होळीची गाणी येतात, पण पेपरात ती उपयोगाची नाहीत. वाहरू सोनवण्यांची 'स्टेज' ही कविता नेमकी ह्यावर आहे. स्टेजवर बसलेले लोक खाली बसलेल्यांना त्यांचंच दुःख समजावून सांगतात, आणि दुःख ज्यांचं आहे ते खालीच राहतात. ही कविता आपण शिकवतो आणि मग तिच्यावरही टीपच लिहायला सांगतो! आमच्या मते आदिवासी साहित्याच्या अध्यापनावरची सगळ्यात कडक समीक्षा ती कविताच आहे, आणि आपण तिला अभ्यासक्रमातला एक 'प्रवाह' करून टाकलं. १९७९ साली भद्रावतीला पहिलं आदिवासी साहित्य संमेलन झालं, त्याला आता पंचेचाळीसहून जास्त वर्षं झाली. एवढ्या काळात टीप बदलायला हरकत नव्हती.

आता तुम्ही म्हणाल, हे ऐकणं-लिहिणं ठीक आहे, पण ह्याचा पोटाशी काय संबंध? संबंध आहे, आणि तो ह्या जिल्ह्यात फार थेट आहे.

वनहक्क कायदा २००६चा. आदिवासी कुटुंब १३ डिसेंबर २००५च्या आधीपासून वनजमीन कसत होतं, हे दाखवावं लागतं. पुरावे काय चालतात ह्याची यादी नियमांत आहे. त्यात सरकारी कागद आहेत, पण त्याबरोबर गावातल्या वडीलधाऱ्या माणसांचं लेखी स्वरूपात घेतलेलं निवेदन हाही एक पुरावा आहे. एकट्या निवेदनावर भागत नाही, एकाहून अधिक पुरावे लागतात, पण त्यांत ते धरलं जातं. आता विचार करा. एक म्हातारा पावरीत किंवा भिलीत बोलतो आहे. तो सालं आकड्यांत सांगत नाही. तो सांगतो की मोठा दुष्काळ पडला तेव्हा आम्ही तिकडचा उतार साफ केला, थोरल्याचं लग्न झालं त्याच्या पुढच्या पावसाळ्यात तिथे मोर पेरली. हे मराठीत लिहायचं आहे. लिहिणाऱ्याला कळलं पाहिजे की मोठा दुष्काळ म्हणजे बहात्तरचा, की त्या नंतरचा कुठला. म्हाताऱ्याला पुन्हा विचारलं पाहिजे. त्याचे शब्द आणि आपला अर्थ वेगवेगळा ठेवला पाहिजे.

आणि एक शब्द घ्या, 'अतिक्रमण'. म्हातारा म्हणतो "आमचं शेत". लिहिणारा सवयीने लिहितो "अतिक्रमित क्षेत्र". जमीन तीच, पण पहिल्या शब्दात माणूस मालक आहे, दुसऱ्यात तो गुन्हेगार आहे. म्हाताऱ्याने तो शब्द उच्चारलेलाही नसतो, आणि तरी तो त्याच्या अंगठ्याच्या वर जाऊन बसतो. निवेदक कोण, दृष्टिकोन कोणाचा, भाषा कोणाची, हे प्रश्न आपण कादंबरीच्या पेपरात शिकवतो. तेच प्रश्न इथे आहेत. फरक इतकाच की कादंबरीत चुकलं तर दोन गुण जातात, आणि इथे चुकलं तर दोन एकर जातात.

असे कागद ह्या जिल्ह्यात फक्त वनहक्काचे नाहीत. पोलीस ठाण्यात घेतलेला जबाब आहे. सरदार सरोवराच्या पुनर्वसनाचे अर्ज आहेत. दवाखान्यात बाईने सांगितलेलं दुखणं आणि डॉक्टरने लिहिलेली नोंद आहे. आश्रमशाळेत पहिलीत येणारं पोर पावरी किंवा मावची बोलतं आणि पुस्तक प्रमाण मराठीत असतं, त्या दोघांच्या मधे उभं राहणारं कोणीतरी लागतं. दोन्ही भाषा येणारा, वाचनाची सवय असलेला, शब्दाची जबाबदारी कळणारा माणूस ह्या प्रत्येक ठिकाणी पाहिजे. आणि अशी माणसं आपल्या मराठी विभागांत दरवर्षी बसलेली असतात! आपण त्यांना सांगतो, तुमची बोली घरी ठेवून या.

इथे एक आक्षेप येईल, आणि तो योग्य आहे. ही कामं आहेत खरी, पण ती नोकऱ्या कुठे आहेत? आज हे काम गावातला शिकलेला पोरगा फुकट करतो, किंवा संस्थेच्या प्रकल्पापुरता तुटपुंज्या मानधनावर करतो. प्रकल्प संपला की काम संपलं. बरोबर आहे. म्हणून आम्ही 'गावाची सेवा करा' असा उपदेश करत नाही. तो उपदेश म्हणजे पहिल्याच उत्तराची नवी आवृत्ती होईल. आमचं म्हणणं असं की ही कौशल्याची कामं आहेत, ती कौशल्याची म्हणून ओळखली गेली पाहिजेत आणि त्यांचे पैसे मिळाले पाहिजेत. नंदुरबार आणि तळोदा इथे आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयं आहेत, न्यायालयं आहेत, ग्रामीण रुग्णालयं आहेत. तिथे भिली, पावरी, मावचीचे भाषांतरकार ही मान्य पदं का असू नयेत? ही मागणी शेतकी किंवा वाणिज्य विभाग करणार नाही. ती मराठी विभागानेच करायला पाहिजे, आणि नुसती मागणी करून नाही तर आधी माणसं तयार करून दाखवून.

त्यासाठी अभ्यासक्रमात फार उलथापालथ लागत नाही. 'उपयोजित मराठी' नावाचा पेपर आहेच. त्यात सध्या काय असतं? सूत्रसंचालन, जाहिरात, बातमी, मुद्रितशोधन. उपयोगाचं आहे, पण ते पुण्या-मुंबईच्या बाजाराकडे बघून केलेलं आहे. त्याच पेपरात आपल्या घरच्या बोलीतलं वीस मिनिटांचं बोलणं ध्वनिमुद्रित करून ते जसंच्या तसं उतरवणं, मग मराठीत भाषांतर करणं, आणि काय हरवलं ते शेवटी लिहिणं, एवढं ठेवता येईल. एक जबाब, एक वनहक्काचा दावा, एक ग्रामसभेचा ठराव कथेसारखा बारकाईने वाचता येईल. गणेश देवी बडोद्याला इंग्रजीचे प्राध्यापक होते, ते सोडून त्यांनी सीमेपलीकडे तेजगढला आदिवासी अकादमी उभी केली. साहित्याचा अभ्यास हा भाषांच्या कामापर्यंत जातो, ह्याचं उदाहरण इतकं जवळ आहे.

ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, आनंदाची गोष्ट आहे. पण ज्या भाषेने ज्ञानेश्वरांपासूनचा वारसा सांगायचा, तिने शेजारच्या भाषेतल्या म्हाताऱ्याचं बोलणं नीट उतरवून घ्यावं, हीही अपेक्षा तिच्याकडून ठेवली पाहिजे. नाहीतर दर्जा मराठीचा राहील आणि जमीन त्याची जाईल.

तेव्हा मुलं विचारतील, मराठी घेऊन पुढे काय, तर आम्ही असं सांगू. प्राध्यापकीची आशा ठेव, पण दोनशेंमागे एक हे लक्षात ठेवून ठेव. बी.एड., स्पर्धा परीक्षा, भाषांतर ह्या वाटा चाचपून बघ, आणि दुसऱ्या वर्षातच बघ, एम.ए. झाल्यावर नव्हे. घरची भाषा विसरू नकोस, तुझ्या बरोबरीच्या शहरी विद्यार्थ्याकडे ती नाही. आणि जे ऐकशील ते बदलल्याशिवाय लिहायला शीक, कारण ह्या जिल्ह्यात त्याची गरज आहे, आणि त्याचे पैसे मिळावेत ह्यासाठी आपल्याला सगळ्यांना मिळून भांडायचं आहे. प्रश्नोत्तरांत तुमच्यापैकी ज्यांनी वनहक्काचे दावे लिहिले असतील त्यांनी आधी बोलावं, आम्ही नंतर बोलू.